कानाखालची न दुखणारी गाठ : आधी नाव, मग सुरी



कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर किंवा हनुवटीखाली एखादी गाठ हाताला लागते. ती दुखत नाही. ताप नाही, जेवणखाण नेहमीसारखे चालू असते. मग "अवधाण आले असेल, जाईल आपोआप" म्हणून ती तशीच राहते. भाताची लावणी होते, कापणी होते, घरातले लग्न होते आणि गाठ मात्र तिथेच असते, थोडी मोठी झालेली.

या जागेवरच्या बऱ्याच गाठी लाळग्रंथींच्या असतात. त्यातल्या बहुतेक कर्करोगाच्या नसतात. काही मात्र इतक्या दुर्मिळ असतात की रिपोर्टवरचे लांबलचक नाव वाचूनच घरातल्यांची झोप उडते. आज त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या निदानाबद्दल बोलू.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. लाळग्रंथीच्या गाठीला नाव मिळाल्याशिवाय तिच्यावर सुरी चालवू नये, आणि नाव मिळाल्यावर तिला विसरूही नये. आटगाव, शहापूर, मुरबाड या आपल्या पट्ट्यात दोन्ही गोष्टी घडताना दिसतात. कुणाची गाठ 'पू असेल' म्हणून छेद देऊन उघडली जाते. कुणी 'साधी आहे' एवढेच ऐकून दहा वर्षे डॉक्टरांकडे फिरकत नाही.

लाळग्रंथी असतात तरी कुठे?

तोंडात लाळ तयार करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत.

१. पॅरोटिड : दोन्ही कानांच्या पुढे आणि खाली. गालगुंड होतात तेव्हा सुजते ती हीच.
२. सबमँडिब्युलर : जबड्याच्या हाडाखाली, दोन्ही बाजूंना.
३. सबलिंग्वल : जिभेच्या खाली.

यांच्याशिवाय ओठ, गाल, टाळू आणि घसा यांच्या आतल्या अस्तरात सुमारे ६०० ते १००० अगदी लहान लाळग्रंथी विखुरलेल्या असतात. म्हणून टाळूवर आलेली गाठसुद्धा लाळग्रंथीची असू शकते.

गाठ कोणत्या ग्रंथीत आहे यावरून बराच अंदाज बांधता येतो. लाळग्रंथींच्या दर दहा गाठींपैकी साधारण आठ पॅरोटिडमध्ये असतात आणि त्या आठांतल्या बहुतेक साध्या असतात. जबड्याखालच्या ग्रंथीत कर्करोगाचे प्रमाण वाढते. जिभेखालच्या ग्रंथीत आणि टाळूच्या लहान ग्रंथींत ते आणखी जास्त असते. थोडक्यात, ग्रंथी जितकी लहान तितका संशय मोठा. जिभेखालची वाटाण्याएवढी टणक गाठ कानाखालच्या लिंबाएवढ्या गाठीपेक्षा जास्त काळजीची असू शकते.

सूज आणि गाठ यांतला फरक

लाळग्रंथीची प्रत्येक सूज म्हणजे गाठ नव्हे. तुमच्या बाबतीत काय घडते ते आधी नीट आठवा.

जेवायला बसले की जबड्याखाली फुगते, चिंच किंवा लिंबू नुसते पाहिले तरी ताण येतो आणि तासाभरात उतरते? मग बहुधा ग्रंथीच्या नळीत खडा अडकलेला आहे. असे खडे दहापैकी आठ वेळा जबड्याखालच्या ग्रंथीत होतात.

ताप आहे, कानाखाली दुखते, तोंड उघडताना त्रास होतो? मग गालगुंड किंवा जंतुसंसर्ग असण्याची शक्यता जास्त.

ओठ चावला गेल्यावर आत पाण्याचा छोटा फोड आला आहे, फुटतो आणि परत येतो? तो म्युकोसील. जिभेखाली निळसर, मऊ फुगा दिसतो? तो रॅन्युला. लॅटिनमधल्या बेडकाच्या शब्दावरून हे नाव पडले, कारण तो फुगा बेडकाच्या गळ्यासारखा दिसतो.

पण जी गाठ कायम एकाच जागी आहे, दुखत नाही, जेवणाने कमीजास्त होत नाही आणि महिन्यांमागून महिने हळूहळू वाढते, ती खरी गाठ समजावी. तिच्यावर अँटिबायोटिकचा तिसरा कोर्स करण्यात अर्थ नाही. एका कोर्सनंतर दोन-तीन आठवड्यांत गाठ गेली नाही, तर औषध बदलण्याऐवजी तपासणीकडे वळावे.

नेहमी आढळणाऱ्या दोन साध्या गाठी

सर्वात जास्त आढळणारी गाठ म्हणजे प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा. टणक, हलणारी, सावकाश वाढणारी. कधी कधी ती कानाची पाळी वर उचलते आणि आरशात दोन्ही पाळ्या सारख्या दिसत नाहीत. ही कर्करोगाची गाठ नाही, पण दोन कारणांसाठी ती काढावी लागते. पहिले, तिच्यात पुढे कर्करोग होऊ शकतो. पहिल्या पाच वर्षांत हा धोका शेकडा एक-दोन इतका असतो, पण पंधरा वर्षांहून जास्त काळ राहिलेल्या गाठीत तो शेकडा दहाच्या जवळपास जातो. दुसरे, तिचे आवरण अपुरे आणि नाजूक असते. ते फुटले तर आतल्या पेशी आजूबाजूला सांडतात आणि काही वर्षांनी त्या जागी एक नव्हे तर अनेक गाठी उगवतात.

दुसरी वॉर्थिन ट्यूमर. ही बहुधा पन्नाशी-साठीच्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या लोकांत आढळते. मऊसर असते आणि काही वेळा दोन्ही बाजूंना होते. तिच्यात कर्करोग होणे अगदी विरळ. म्हणून वयस्कर माणसात निदान पक्के असेल आणि त्रास नसेल, तर ती न काढता लक्ष ठेवले तरी चालते.

आता पाहा, दोन्ही गाठी कानाखालीच, दोन्ही न दुखणाऱ्या, दोन्ही साध्या. तरी एक काढायची आणि एक ठेवली तरी चालेल. म्हणूनच 'साधी गाठ' एवढे उत्तर पुरेसे नाही. नाव हवे.

दुर्मिळ गाठी : नाव भीतीदायक, आजार तसा नाही

काही गाठी डॉक्टरांनाही क्वचित दिसतात. त्यांचा क्रमच असा, की पाहणाऱ्याला आधी कर्करोगाची शंका येते.

*नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लेशिया.* टाळूवर अचानक सूज येते आणि मग तिथे खड्ड्यासारखी जखम होते. दिसायला हुबेहूब कर्करोग. प्रत्यक्षात तिथल्या लहान लाळग्रंथीचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. दाताचे इंजेक्शन, मार लागणे, धूम्रपान अशी कारणे त्यामागे असू शकतात. ही जखम साधारण सहा ते दहा आठवड्यांत आपोआप भरते. १९७३ साली या आजाराचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले. तो माहीत नसल्यामुळे, सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग समजून टाळूचा भाग काढून टाकल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आपल्याकडे मशेरी आणि तंबाखू खाणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे टाळूवरची जखम दिसली की कर्करोगाचा विचार आधी यायलाच हवा. पण तो तुकडा तपासून सिद्ध व्हायला हवा.

*स्क्लेरोझिंग पॉलिसिस्टिक ॲडिनोमा.* १९९६ मध्ये पहिल्यांदा वर्णन केलेली, बहुधा पॅरोटिडमध्ये होणारी अतिशय विरळ गाठ. स्तनांत होणाऱ्या साध्या गाठींच्या आजाराशी तिची रचना मिळतीजुळती आहे. तिचे काही भाग कर्करोगासारखे भासतात. पूर्ण काढली की सहसा प्रश्न मिटतो. अपुरी काढली तर परत येऊ शकते.

*ऑन्कोसायटोमा.* बहुधा साठीनंतर होते. लाळग्रंथींच्या शंभर गाठींत एखादी. तिच्या पेशी मायटोकाँड्रियांनी, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांनी, ठासून भरलेल्या असतात. पूर्ण काढली की बहुधा बरी.

*कुटनर ट्यूमर.* १८९६ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक कुटनर यांनी वर्णन केलेला. जबड्याखालची ग्रंथी दगडासारखी कडक होते, त्यामुळे कर्करोगच वाटतो. नावात ट्यूमर असले तरी हा जुनाट दाह आहे. यातल्या काही रुग्णांत आयजीजी-४ नावाच्या प्रतिपिंडाशी संबंधित आजार असतो, जो औषधांना चांगला प्रतिसाद देतो. अशा वेळी सुरी चालवली तर ग्रंथी विनाकारण जाते.

*किमुरा आजार.* मुख्यतः आशियाई पुरुषांत, कानाच्या आसपास मोठी, न दुखणारी सूज. रक्तात इओसिनोफिल पेशी वाढतात. आपल्याकडे जंतांमुळेही त्या वाढतात, म्हणून नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर निष्कर्ष काढता येत नाही.

*बाळाच्या गालावरची रक्तवाहिन्यांची गाठ.* जन्मानंतर काही आठवड्यांत पॅरोटिडच्या जागी मऊ फुगवटा येतो आणि बाळ रडले की तो फुगतो. हा बहुधा हेमँजिओमा. तो काही महिने वाढतो आणि मग वर्षांनुवर्षे सावकाश आकसतो. गरज पडली तर प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचे जुने औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते. त्याचा हा उपयोग २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांच्या लक्षात आला. आजीबाईंनी बाळाच्या अशा गाठीला डाग द्यायचा विचार केला, तर हात जोडून थांबवा. चटक्याचा व्रण जन्मभर राहतो; गाठ मात्र तशीही आकसणार होती.

या यादीत आणखी दोन गोष्टी जोडतो. पॅरोटिडमधल्या किंवा तिच्या आतल्या लसिकाग्रंथीतल्या क्षयरोगाची गाठ आपल्या देशात ध्यानात ठेवावीच लागते. ती औषधाने बरी होते. तसेच दोन्ही कानांखाली मऊ, पाण्याने भरलेल्या गाठी असतील, तर एचआयव्हीची तपासणी सुचवली जाते. तिची लाज वाटण्याचे कारण नाही. एचआयव्हीची औषधे सुरू झाल्यावर या गाठी बऱ्याचदा लहान होतात.

निदान पायरीपायरीने

*पहिली पायरी : हात आणि डोळे.* डॉक्टरांनी गाठ चाचपावी, तोंडाच्या आत टाळू आणि घसा पाहावा, चेहऱ्याच्या हालचाली तपासाव्यात. भुवया वर करा, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा, गाल फुगवा असे सांगितले, तर ते उगाच नाही. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस पॅरोटिडच्या मधूनच जाते. साधी गाठ कितीही मोठी झाली तरी सहसा ही नस बंद पाडत नाही. म्हणून गाठ असताना तोंड वाकडे झाले, तर ते धोक्याचे लक्षण धरावे.

*दुसरी पायरी : सोनोग्राफी.* गाठ ग्रंथीत आहे की बाहेर, भरीव आहे की पाण्याची, एक आहे की अनेक, हे यात कळते. किरणोत्सर्ग नाही, खर्चही कमी.

*तिसरी पायरी : सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी.* इंजेक्शनच्या बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी घेऊन काचपट्टीवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही पद्धत काही नवी नाही. १९३० मध्येच न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये मार्टिन आणि एलिस यांनी सुईने घेतलेल्या नमुन्यांवर निबंध लिहिला होता. पुढे स्वीडनमधल्या डॉक्टरांनी बारीक सुई वापरून ती रुळवली. आज लाळग्रंथीच्या सुईच्या रिपोर्टसाठी जगभर 'मिलान पद्धत' वापरतात. ती २०१८ साली पुस्तकरूपात आली. तिचे सहा वर्ग असे :

१. नमुना अपुरा
२. गाठ नाही, दाह वगैरे
३. नक्की सांगता येत नाही
४. गाठ आहे. यात दोन भाग : साधी, किंवा कोणत्या स्वभावाची ते अनिश्चित
५. कर्करोगाचा संशय
६. कर्करोग

तुमच्या रिपोर्टवर 'मिलान' शब्द आणि आकडा असेल, तर तो वाचून डॉक्टरांना अर्थ विचारा. पहिला वर्ग म्हणजे 'काही नाही' असा अर्थ मुळीच नाही. तपासणी पुन्हा करावी लागेल, एवढाच त्याचा अर्थ. तिसऱ्या वर्गाचेही बऱ्याचदा तसेच.

*चौथी पायरी : एमआरआय किंवा सीटी.* प्रत्येकाला लागत नाही. गाठ खोल असेल, मोठी असेल, परत आलेली असेल किंवा संशय असेल तेव्हा लागते.

*पाचवी पायरी : काढलेल्या पूर्ण गाठीची तपासणी.* अंतिम नाव इथेच मिळते. सुई गाठीच्या एका कोपऱ्यातल्या पेशी देते. दुर्मिळ गाठीत एका भागात एक चित्र आणि दुसऱ्या भागात वेगळे चित्र असू शकते. म्हणून काढलेली गाठ 'साधीच होती' म्हणून टाकून देणे कधीही योग्य नाही. ऑपरेशन कितीही लहान असो, गाठ प्रयोगशाळेत गेली का, हे विचारणे तुमचा हक्क आहे.

सूक्ष्मदर्शकाखालची ही विद्या आपल्या राज्यात उशिरा आली असेही नाही. परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. तेव्हापासून परळला काचपट्ट्या पाहिल्या जात आहेत. आपला प्रश्न एवढाच, की आटगावच्या माणसाच्या गाठीतली सुई वेळेवर काचपट्टीपर्यंत पोचत नाही.

'छोटासा छेद देऊन बघू' याला माझा विरोध का?

शरीरात इतर ठिकाणी गाठीचा तुकडा कापून तपासणे ही रूढ पद्धत आहे. टाळूवरच्या जखमेचाही तुकडा घेतात आणि तो घ्यावाच. पॅरोटिडच्या गाठीत मात्र छेद देऊन तुकडा काढण्याचे शक्यतो टाळतात. कारणे दोन. गाठीच्या शेजारून चेहऱ्याची नस जाते आणि तिच्या फांद्या उघड्या डोळ्यांनी सहज ओळखता येत नाहीत. दुसरे, प्लिओमॉर्फिक ॲडिनोमाचे आवरण उघडले की पेशी सांडतात. नंतरचे ऑपरेशन मग जास्त अवघड, जास्त धोक्याचे होते. पूर्वी ही गाठ नुसती खरवडून किंवा सोलून काढत, तेव्हा ती परत येण्याचे प्रमाण खूप होते. आता तिच्याभोवतीच्या निरोगी ग्रंथीच्या थरासह, नस शोधून आणि जपून ती काढतात. म्हणून ते प्रमाण बरेच खाली आले आहे.

यासाठी पहिले ऑपरेशनच नीट व्हायला हवे. ते कान-नाक-घसा तज्ज्ञ, डोके-मानेचे शल्यचिकित्सक किंवा या ग्रंथींचा अनुभव असलेले सर्जन यांच्याकडेच करा. भगताचा लेप, झाडपाला, डाग यांनी गाठ जात नाही. त्वचा भाजली तर पुढच्या ऑपरेशनची जागा तेवढी बिघडते.

तुमच्या मनातले काही प्रश्न

*"सुई टोचली की गाठ पसरते, असे म्हणतात?"*
बारीक सुईच्या तपासणीत हा धोका नगण्य मानला जातो आणि निदान न करण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. काही वेळा थोडे दुखते, थोडी सूज येते, एवढेच.

*"ऑपरेशनने तोंड वाकडे होईल का?"*
ही भीती खरी आहे आणि ती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. नसेला ताण बसल्यामुळे तात्पुरता अशक्तपणा काही जणांना येतो आणि तो काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बहुधा भरून येतो. साध्या गाठीच्या, नीट केलेल्या पहिल्या ऑपरेशनात कायमचा अशक्तपणा क्वचित राहतो. परत आलेल्या गाठीच्या दुसऱ्या-तिसऱ्या ऑपरेशनात तो धोका वाढतो. कानाच्या पाळीला बधिरपणा राहू शकतो. काहींना जेवताना गालावर घाम येतो. त्याला फ्रे सिंड्रोम म्हणतात आणि त्यावर उपाय आहेत.

*"आई सत्तर वर्षांची आहे. आता कशाला तिला त्रास?"*
सुईची तपासणी तरी करा. वॉर्थिन निघाली तर निश्चिंत होऊन लक्ष ठेवता येईल. संशयास्पद निघाली तर काय करायचे ते घरात बसून ठरवता येईल. न तपासता सोडणे हा आईचा निर्णय नसतो, आपलाच आळस असतो.

आपल्या तालुक्यात काय व्हायला हवे?

आटगावचा शेतकरी किंवा वीटभट्टीवर काम करणारा कातकरी बांधव कसारा लोकलने ठाणे किंवा परळ गाठतो तेव्हा त्याचा एक दिवसाचा रोजगार जातो. सोनोग्राफीला एक फेरी, सुईला दुसरी, रिपोर्टला तिसरी. तिसऱ्या फेरीला बरेच जण येत नाहीत. त्यांना दोष देणे मला पटत नाही.

माझी सूचना साधी आहे. सुईच्या तपासणीला भूल लागत नाही, ऑपरेशन थिएटर लागत नाही. थुंकीचे नमुने क्षयरोगासाठी जसे गावातून तपासणी केंद्राकडे जातात, तशा काचपट्ट्याही जाऊ शकतात. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक ठरलेला 'गाठींचा दिवस' असावा. त्या दिवशी सोनोग्राफी आणि सुई एकाच भेटीत व्हावी, आणि रिपोर्ट गावच्या आरोग्य केंद्रात यावा. मान, स्तन, थायरॉइड, लाळग्रंथी या सगळ्या गाठींना त्याचा उपयोग होईल.

यावर एक आक्षेप योग्य आहे. शिकवलेला हात नसेल तर नमुना अपुरा येतो, काचपट्टी नीट सुकवली-भिजवली नाही तर वाया जाते आणि रुग्णाला पुन्हा टोचावे लागते. म्हणूनच मी रोजची सोय मागत नाही, ठरलेला दिवस आणि प्रशिक्षित माणूस मागतो. वीस जणांना ठाण्याला पाठवण्यापेक्षा एका पॅथॉलॉजिस्टने शहापूरला येणे स्वस्त पडते. ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत ही मागणी तुम्हीच करू शकता.

तोपर्यंत काय करायचे? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. आधी तिथे जा आणि "सोनोग्राफी व एफएनएसी कुठे होईल" हे स्पष्ट विचारा. महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत, तिथला खर्च आधी विचारून घ्या. ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

रिपोर्टवर अनोळखी नाव आले तर

घाबरून त्याच दिवशी ऑपरेशनची तारीख घेऊ नका आणि रिपोर्ट कपाटातही ठेवू नका. डॉक्टरांना पाच प्रश्न विचारा :

१. ही गाठ साधी आहे, कर्करोगाची आहे की अजून नक्की नाही?
२. हे निदान सुईवरून आहे की पूर्ण गाठीवरून?
३. ती काढायला हवी की लक्ष ठेवले तर चालेल? का?
४. काढली तर पूर्ण निघाली का? कडा मोकळ्या आहेत का?
५. पुढची तपासणी कधी, आणि किती वर्षे?

निदान दुर्मिळ असेल, किंवा मोठे ऑपरेशन सुचवले असेल, तर दुसरे मत घ्या. त्यासाठी काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक प्रयोगशाळेकडून मागून घ्या. टाटा मेमोरियलसारख्या केंद्रांत बाहेरच्या काचपट्ट्या पुन्हा पाहून मत दिले जाते. दुसरे मत मागितल्याने कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही. एका दुर्मिळ गाठीचे चित्र दोन पॅथॉलॉजिस्टनी पाहणे, हा रुग्णाच्या आणि पहिल्या डॉक्टरच्याही फायद्याचा सौदा आहे.

ताबडतोब दाखवा

- गाठीच्या बाजूचा चेहरा वाकडा झाला, डोळा मिटत नाही
- गाठ काही आठवड्यांत झपाट्याने वाढली किंवा अनेक वर्षे शांत असलेली गाठ अचानक वाढू लागली
- सतत दुखू लागली, चामडीला चिकटली किंवा वर जखम झाली
- मानेत आणखी गाठी आल्या
- तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होऊ लागला
- टाळूवर किंवा जिभेखाली टणक गाठ आहे, किंवा तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही

एक गोष्ट वेगळी सांगतो. गाठ दिसत नसतानाही एका बाजूचा चेहरा अशक्त झाला आणि काही महिन्यांत सुधारला नाही, तर 'हवा लागली' म्हणून बसू नका. पॅरोटिडमध्ये खोल गाठ नाही ना, हे पाहायला हवे.

वाचकहो, लाळग्रंथीची गाठ बहुतेक वेळा घाई करत नाही. ती तुम्हाला विचार करायला, तपासायला, दुसरे मत घ्यायला पुरेसा वेळ देते. तो वेळ वाट पाहण्यात घालवू नका. आज आरशासमोर उभे राहून दोन्ही कानांच्या पाळ्यांखाली आणि जबड्याखाली बोटे फिरवा, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगा. काही लागले तर या महिन्यातच दाखवा, लावणी उरकण्याची वाट पाहू नका.

(हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या गाठीचे निदान आणि उपचार प्रत्यक्ष तपासणीनंतर तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)